गाय नावाचा क्लास

चेतनला अपघात झाला तेव्हा तो नगरच्या एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होता. दर शनिवारी तो मोटारसायकलवरून राहात्याला घरी यायचा. त्या शनिवारी उसाची एक ट्रॉली रस्त्यातच बंद पडली होती. मागे दिवा नव्हता, चाकाला लावलेला दगड तेवढा होता. दिवस मावळलेला होता आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर होता.

मान मोडली. जीव वाचला, पण मानेखालचं शरीर गेलं. खांदे थोडे हलायचे, डावा हात कोपरातून उचलला जायचा. बोटं मात्र मिटत नव्हती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सीमाला, बाजूला घेऊन सांगितलं, की कूस बदलत राहा, जखम होऊ देऊ नका, बाकी आपल्या हातात काही नाही.

घर म्हणजे शेती महामंडळाच्या मळ्याजवळच्या वस्तीत पुढची खोली आणि मागे चूल. चेतनचे वडील त्या मळ्यावर मजुरी करता करता वारले. आई गीताबाई पेरूच्या बागांत तोडणीला जायची. तिच्या वस्तीतला पहिला पदवीधर पोरगा आता पत्र्याखाली खाटेवर पडून होता, आणि पहाटे उठून त्याला पुसून काढणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, पाठीला पावडर लावणं हे सीमा करत होती. लग्नाचं दुसरं वर्ष चाललं होतं. मूल नव्हतं. सीमा श्रीरामपूरची, बारावी झालेली.

पहिले काही महिने चेतन बोललाच नाही म्हटलं तरी चालेल. पाणी हवं, तोंड पूस, माशी बसलीय, एवढंच. सीमाला वाटायचं, तो आपल्यावर रागावलाय. मग कळलं, की तो कुणावरच रागावलेला नाही, आणि ते तिला जास्त जड गेलं.

दिवाळीनंतर रविराज भेटायला आला. तो नगरला चेतनच्या हाताखाली शिकला होता आणि आता त्याने राहात्याच्या स्टँडमागे दुकानाच्या माडीवर स्वतःचा कॉम्प्युटर क्लास काढला होता. तीन मशीन होती. खाटेजवळ स्टुलावर बसून त्याला काय बोलावं सुचेना, म्हणून तो धंद्याचं बोलत राहिला. एका दूध डेअरीला प्रत्येक सभासदाच्या जनावरांची नोंद कॉम्प्युटरवर हवी होती. कोणती गाय कितव्या वेताची, सकाळ-संध्याकाळ किती दूध, कोणतं वासरू कुणाचं.

"माझ्याकडे करणारं कुणी नाही सर," तो म्हणाला. "मी डॉस आणि टायपिंग शिकवतो. तुम्ही असता तर..."

"सीमा करेल," चेतन म्हणाला.

सीमा चुलीपुढे होती. तिने वळून पाहिलं.

"मी सांगेन, ती लिहील. तुझ्याकडे दुपारी एक मशीन मोकळं असतं ना? माझ्या ट्रंकेत एक सीडी आहे, मासिकाबरोबर आलेली. त्यात पायथन नावाची भाषा आहे. ती टाक मशीनवर."

"फॉक्सप्रोत केलं तर, सर?"

"फॉक्सप्रो तिला तूच शिकवशील मग. मला हे शिकवायचंय. यात लिहिलेलं वाचता येतं, आणि चुकलं की लगेच कळतं."

रविराज गेल्यावर सीमा खाटेपाशी आली. "मला विचारलंत का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावलेला नाही."

"लावशील. मला लावता येत नाही, तुला येतो." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "तुझ्या हातात काहीतरी पाहिजे, सीमा. हे असं किती दिवस चालणारे, ते तुलाही माहीत आहे."

ती चुलीपाशी परत गेली. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तिने शाळेतल्या पोरांची असते तशी एक दगडी पाटी आणली.

सकाळी गीताबाई बागेत गेली, की यांची शिकवणी सुरू व्हायची. सीमा खाटेच्या कडेला बसून पाटी त्याच्या तोंडासमोर धरायची. तो सांगेल तसं लिहायची, तो पाहून चूक काढायचा, ती पुसायची. पक्कं झालं की पाठकोऱ्या कागदांवर उतरवून घ्यायची. दुपारी गीताबाई परत आली, की सीमा ते कागद घेऊन रविराजच्या क्लासवर जायची. आधी तिला इंग्रजी अक्षरं कळफलकावर सापडायची नाहीत. बेरीज-वजाबाकी, मग अट घालणं, मग तेच तेच पुन्हा करायला लावणं, एवढ्यात थंडी संपत आली. चेतन शिक्षक म्हणून कडक होता. तिला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारावी लागली, की त्याच्या कपाळाची शीर दिसायची.

"आता क्लास," एके दिवशी तो म्हणाला.

"क्लासला तर रोजच जाते."

तो हसला. अपघातानंतर तो हसलेला तिने क्वचितच पाहिला होता. "तो क्लास नाही. असं बघ. गाय म्हटल्यावर डेअरीवाल्याला काय काय लागतं?"

"नाव. रंग. वेत. दूध."

"मालक?"

"हो, मालक."

"हे तू कोणत्या गायीबद्दल बोललीस?"

सीमाने विचार केला. "कोणत्याच नाही. गायीबद्दल बोलले."

"बस. हा क्लास. गाय म्हणजे काय, ते एकदा लिहून ठेवायचं. आता आपल्या कोपऱ्यावर कारभारी शेळक्यांची कपिला आहे. तिचं नाव कपिला, रंग तांबडा, तिसरं वेत. हा ऑब्जेक्ट. त्यांची दुसरी गाय, तो दुसरा ऑब्जेक्ट. क्लास एकच."

"म्हणजे क्लासला दूध येत नाही."

"नाही. क्लास गोठ्यात उभा राहत नाही. उभी राहते ती कपिला."

सीमाने पाटीवर 'क्लास' लिहिलं, पुढे 'गाय', पुढे दोन टिंबं. त्याखालची ओळ जागा सोडून लिहायची. ही डाव्या बाजूची मोकळी जागा तिला फार छळायची. पाटीवर बरोबर वाटायचं आणि मशीनवर गेलं की एका जागेचा फरक पडून सगळं अडायचं. नवी गाय तयार होताना सगळ्यात आधी जे चालतं, त्याच्या नावाला दोन्ही बाजूंनी जोडरेघा द्यायच्या, हेही तिला विचित्र वाटलं. आणि सगळ्यात विचित्र, प्रत्येक ठिकाणी लिहायचा तो 'सेल्फ' शब्द.

"हे कशाला सारखं सारखं?"

"तू आजचं दूध आधीच्यात मिळव म्हणालीस. मशीन विचारणार, कुणाच्या दुधात? गाई शंभर आहेत, लिहिलेलं एकदाच आहे. ज्या गायीला हाक मारली तिच्या, हे सांगायला नको? सेल्फ म्हणजे ती. जिला हाक मारली ती."

त्या दुपारी मशीनवर तिने कपिला तयार केली. नाव विचारलं, नाव आलं. वेत विचारलं, तीन आलं. दोन ओळींचं उत्तर होतं, पण ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा चेतनने डोळे मिटले आणि म्हणाला, "परत सांग. काय काय दिसलं, अक्षर न् अक्षर सांग."

मार्चमध्ये व्हायला नको तेच झालं. माकडहाडाशी कातडी लाल झाली, मग फुटली. सीमाने कूस बदलण्यात कधी कसूर केली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, होतं असं, कितीही केलं तरी होतं. आता रोज जखम धुवायची, कापडाची घडी भरायची. खोलीत वास राहू लागला. उदबत्ती लावली की उदबत्तीचा आणि जखमेचा असा मिळून तिसराच वास व्हायचा. चेतनला खाली काही जाणवत नव्हतं. पण वास त्याला येत होता.

त्याच सुमारास सीमाचा भाऊ महेंद्र आला. श्रीरामपूरला तो एका शाळेत शिक्षक होता. चहा घेऊन झाल्यावर तो बहिणीला अंगणात घेऊन गेला. पण दार उघडं होतं आणि खाट दारापासून चार हातांवर.

"आई रडती रोज तुझ्या नावानं," महेंद्र म्हणाला. "चार महिने चल. माणूस ठेवू इथं. पैशाचं मी बघतो."

"माणूस कूस बदलेल, दादा. जखम कोण धुणार?"

"मग तू काय, जन्मभर..."

"हळू बोल."

आतून चेतनचा आवाज आला. "महेंद्र, घेऊन जा तिला. मी सांगतोय."

सीमा आत आली. "तुम्ही कोण सांगणार?" ती म्हणाली. "शिकायलाही तुम्हीच लावणार, जायलाही तुम्हीच सांगणार. मी कधी काय करायचं ते मला ठरवू द्या."

महेंद्र संध्याकाळच्या गाडीने परत गेला. खरं म्हणजे गाडी सुटेपर्यंत सीमा स्टँडवर उभी होती, आणि तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने कुणाला कधी सांगितलं नाही. घरी येऊन तिने पाटी धुतली.

ऊन वाढलं तसं चेतनचं अंग तापायला लागलं. मानेखाली त्याला घामच येत नव्हता, त्यामुळे उष्णता बाहेर पडायची नाही. दुपारी लाइट जायची. पंखा थांबला, की गीताबाई ओलं धोतर त्याच्या अंगावर पसरून पुठ्ठ्याने वारा घालत बसायची.

दुधाचं गणित तेव्हाच अडलं. सीमाने दोन गायी तयार केल्या. कपिलाच्या नावावर सकाळचं दूध घातलं, दुसरीच्या नावावर वेगळं घातलं. दोघींचं दूध दाखव म्हटलं, तर दोघींपुढे सगळंच आलं. कपिलाचं दुसरीपुढे, दुसरीचं कपिलापुढे. रविराजने पाहिलं, त्यालाही कळेना. ती घरी आली आणि जसं दिसलं तसं तिने सांगितलं.

चेतनला कणकण होती. "सेल्फ विसरली असशील."

"नाही. सगळीकडे आहे."

"मग दोघींना एकच नाव दिलं असशील."

"नावं वेगळी येतायत. दूध तेवढं एकत्र होतंय."

"टायपिंग चुकलं असेल, सीमा. बघ नीट."

"बघितलं."

"मी सांगतो ते ऐकत का नाहीस?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खोकला आला. खोकायलाही त्याच्या पोटात जोर नव्हता. नुसतीच छाती हलायची आणि डोळ्यांत पाणी यायचं.

गीताबाई पुढे झाली. तिने सीमाच्या हातातली पाटी काढून घेतली. "बास झालं आता. लई दमतोय त्यो. त्याला बोलाया लावू नगं."

"आत्या, तेच बोलतायत."

"तू इचारतीस म्हनून बोलतोय. दिसभर तुमचं काय ना काय चालतंय. माज्या लेकाच्या अंगात काय ऱ्हायलंय का?"

"मला नाही शिकायचं," सीमा म्हणाली. "मी कधी म्हटलं होतं शिकवा म्हणून?" चादरी उचलून ती हौदावर गेली आणि त्या घासत राहिली. पाठीचे डाग निघाले नाहीत. तशाच तिने त्या वाळत घातल्या.

पुढचे काही दिवस शिकवणी बंद होती. पण दुपारी गीताबाई आली, की सीमा सवयीने बाहेर पडायची. घरात वास होता आणि वस्तीतल्या बायका विचारायच्या, म्हणून असेल. क्लासवर जाऊन ती त्याच प्रोग्रॅमपुढे बसायची. एकदा तिने एकच गाय तयार केली. दूध बरोबर आलं. दोन केल्या, घोटाळा झाला. मग तिने तिसरी केली, पण तिच्या नावावर दूधच घातलं नाही. आणि तिला दूध विचारलं. तिच्यापुढेही पहिल्या दोघींचं दूध आलं.

सीमा हात मांडीवर ठेवून बसली. या गायीला मी काहीच दिलेलं नाही. मग हिच्याजवळ आलं कुठून? हिच्याजवळ नसेलच ते. ते वर आहे, क्लासमध्ये, सगळ्यांचं मिळून एकच. तिने वर पाहिलं. दुधाची रिकामी यादी तिने 'क्लास गाय' याच्या खाली, सरळ, एकदाच लिहिली होती. नवी गाय तयार होते तिथे लिहिलीच नव्हती. तिने ती ओळ उचलून खाली नेली, त्या जोडरेघांच्या नावाच्या आत, आणि पुढे सेल्फ लावला. पुन्हा चालवलं. कपिलाचं कपिलापुढे आलं, दुसरीचं दुसरीपुढे. तिसरीपुढे काहीच आलं नाही.

घरी आली तेव्हा चेतन जागा होता. ती पाटी न घेताच बसली आणि सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मी तीच ओळ तुला तिथे सांगितली होती का?"

"तुम्हीच सांगितली होती. तेव्हा गाय एकच होती, म्हणून कळलं नाही."

"म्हणजे मी चुकलो."

"हो."

तो पुन्हा हसला. पण या वेळी त्या हसण्याने त्याला धाप लागली. "मी नगरला चार बॅचेसना हे शिकवलं असतं ना," तो म्हणाला, "तर एकानेही तिसरी गाय करून पाहिली नसती." मग विचारलं, "आता वासरं?"

वासरांचं त्यांनी मेमध्ये केलं. आधी जनावर म्हणून एक क्लास, त्यात सगळ्यांना लागतं ते. गाय आणि वासरू त्याच्यावरून. वासराला त्याची आई जोडायची, नुसतं तिचं नाव नाही, तर ती गायच. सीमाने विचारलं, गाय मेली तर तिला काढून टाकायचं का. चेतनने पत्र्याकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "मेली अशी खूण कर फक्त. वासराला आई विचारली तर सांगता आली पाहिजे."

ते लिहून झालं तेव्हा त्याच्या अंगात इतका ताप होता, की पाटीवरची अक्षरं त्याला दिसत नव्हती. तिने वाचून दाखवलं. तो हूं म्हणत होता, पण एका ठिकाणी मुद्दाम चूक वाचली तरी हूं म्हणाला. सीमाने पाटी खाली ठेवली आणि शेजारच्या टेम्पोवाल्याला हाक मारायला गेली.

दवाखान्यात तो आठवडाभर होता. जखमेतून विष रक्तात गेलं होतं. शेवटचे दोन दिवस तो ओळखत नव्हता. सकाळी डॉक्टरांच्या राऊंडच्या आधी तो गेला. गीताबाई व्हरांड्यात दशमी खात होती, तिला सीमाने जाऊन सांगितलं. गीताबाईने तोंडातला घास गिळला आणि उरलेली दशमी फडक्यात बांधून ठेवली.

चेतनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर महेंद्र थांबून राहिला. या वेळी त्याला काही बोलावं लागलं नाही. गीताबाईच म्हणाली, "जा तू, पोरी. मी काय बांधून ठेवायची न्हाई तुला." सीमा श्रीरामपूरला गेली. आईने डोकं मांडीवर घेतलं, शेजारणी येऊन बसल्या, कुणीतरी दुसरं स्थळ सुचवलं. पाऊसपाणी झालं. तिथे ती सकाळी जाग आली, की अजूनही कूस बदलायला उठायची.

मग एके दिवशी ती परत आली. कुणाला फार समजावून सांगितलं नाही. पिशवी घरात ठेवून ती तशीच रविराजकडे गेली. प्रोग्रॅम पूर्ण होता. नोंदी कागदावर छापून देण्याचा भाग तेवढा लिहायचा राहिला होता.

रविराजने खुर्ची दिली आणि तो मशीनकडे बघत बोलला. "वहिनी, डेअरीने दुसरीकडून घेतला. संगमनेरच्या एकाने फॉक्सप्रोत करून दिला. ते किती थांबणार होते?"

"त्यांनी आपला पाहिला का?"

"नाही पाहिला."

सीमाने मान हलवली. खाली रस्त्यावरून एसटी वळत गेली.

"सकाळच्या बॅचला शिकवायला माणूस लागतोय," रविराज म्हणाला. "डॉस, टायपिंग. नवशिकी पोरं असतात. सरांना नगरला मिळायचं तेवढं देता येणार नाही मला."

"येईन," ती म्हणाली.

तेव्हापासून सकाळी सासू बागेत आणि सून क्लासवर. खाट उभी करून भिंतीला लावली होती. दोघी एकमेकींशी गरजेपुरतं बोलायच्या. पेरूचा मोसम संपत आला असताना, एका संध्याकाळी गीताबाई भाकरी थापत होती आणि सीमा कांदा चिरत होती. गीताबाईने तव्याकडे बघतच विचारलं, "तुमी दोघं येवढं काय बोलत हुता गं?"

सीमाचा हात थांबला.

"मला वाटायचं, तू त्याला दमवतीस. पर सांग तरी, काय हुतं ते."

"गायीबद्दल बोलायचो."

"गाय?" गीताबाईने वर पाहिलं. "आपल्या खानदानात कुनाच्या दावनीला गाय न्हवती."

"नसली तरी चालती. आधी गाय म्हणजे काय ते लिहायचं. नाव, वेत, दूध. मग त्यावरून एकेक गाय करायची."

ती सांगत गेली. कपिला, तिसरी गाय, वासरू आणि त्याची आई. गीताबाई भाकरी उलटत, शेकत ऐकत होती. मध्ये एकदा तिने पदराने नाक पुसलं. धूरही होता.

"मला न्हाई कळलं," शेवटी ती म्हणाली. "आन् ते समदं आता कुठं हाय?"

"फ्लॉपीत आहे, क्लासवर. कुणी वापरत नाही ते."

गीताबाईने भाकरी टोपल्यात टाकली आणि दुसरा गोळा हातात घेतला.

"न्हाई वापरलं तर न्हाई," ती म्हणाली. "पुसू नगं."